मदत हवी आहे: तुळजापूरचा घाट आला की गाडी तापते
नमस्कार मंडळी. माझी 2009 ची डिझेल एसयूव्ही, सव्वादोन लाख किलोमीटर पळालेली. सोलापुरात दिवसभर फिरवा, सात रस्त्याला सिग्नलवर उभी करा, तापमानाचा काटा मध्यावर. पण तुळजापूरचा घाट लागला आणि एसी चालू असला, की काटा तांबड्याकडे सरकतोच. मग एसी बंद, काचा खाली, हीटर फुल्ल, तेव्हा कुठे उतरतो. आईला मागे बसवून एप्रिलमध्ये हीटर! काय बोलणी खाल्ली ते विचारू नका.

थर्मोस्टॅट आणि बेल्ट नवे टाकलेत. तरी आठवड्याला अर्धा लिटर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रावण) कमी होतं. खाली एक थेंब नाही. ऑइलची पट्टीही स्वच्छ, दुधाळ काही नाही. मात्र सकाळी गार इंजिनावर झाकण उघडून गाडी सुरू केली, तर रेडिएटरच्या तोंडाशी बारीक बुडबुडे येतात, थांबतच नाहीत. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी घातलं असणार. झाकणाच्या आतला पांढरा थर मी नखाने खरवडलाय.

एक मिस्त्री म्हणतो रेडिएटर चोंदलाय, दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवा. बुडबुड्यांमुळे मला दुसऱ्याचं पटतंय, पण खर्चाला धीर होत नाही. कूलंटमधला एक्झॉस्ट गॅस ओळखणारं, रंग बदलणारं निळं द्रावण असतं ना, ती तपासणी सोलापुरात कुठे होते? होटगी रोड, अक्कलकोट रोड, कुठेही चालेल. तोवर तुळजापूरला एसटीनेच.