हातोडीच्या शिवराईला ७० पैकी मार्क?

टाकसाळकर
एका लिलावाच्या यादीत शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं हातोडीने ठोकून पाडलेलं तांब्याचं नाणं, पाहिली. पुढे ‘श्री’ अर्धी, ‘राजा’ पूर्ण, ‘शिव’ जवळजवळ गायब. मागे ‘छत्र’ आणि ‘पति’ची नुसती वेलांटी. वर्णन काय, तर ‘दुर्मिळ एरर (टाकसाळीतली चूक), छाप सरकलेली’, आणि बोली साध्या शिवराईच्या चौपट! अहो, शिवराईचा ठसा ज्या कोऱ्या तांब्याच्या चकतीवर ठोकायचे, तिच्यापेक्षा तो बहुतेक वेळा मोठाच असायचा. ठिपक्यांचं कडं पूर्ण उमटलेली शोधायला गेलात तर चपला झिजतील. वर तिला प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून ७० पैकी ग्रेड! ती ७० गुणांची पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन नाणेसंग्राहकाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी आखली, तीही भावाच्या हिशेबाने: ७० ग्रेडचं नाणं १ ग्रेडच्या सत्तरपट. तिचा १६७४ च्या रायगडाशी काय संबंध?

डबीवाला
एररचं मान्य, ग्रेडचं नाही. ग्रेड झीज मोजते, अक्षरं किती आली ते नाही. ग्रीक-रोमन नाणीही हातोडीचीच ना? एनजीसी ही नाण्यांना ग्रेड देणारी कंपनी त्यांना ग्रेडशिवाय छाप आणि पृष्ठभागाचे पाचपैकी वेगळे गुण देते. तसं इथं करा. नवख्याला ओतीव नकली शिवराई कशी ओळखू येणार?

खुर्दा
झीज मोजते म्हणे! मोजणाऱ्याला झीज आणि कच्ची छाप यातला फरक कळायला हवा. भिंगाखाली तिरका उजेड टाका. ठोका बसला नसेल तिथं चकतीचा मूळ खडबडीतपणा तसाच राहतो. झिजलेली जागा गुळगुळीत, आणि शेजारच्या अक्षरांचे कंगोरेही गोल झालेले. ‘शिव’ सपाट आणि ‘राजा’ धारदार असेल तर ते वापराने गेलेलं नाही, ठोकाच एकीकडे कमी पडला. तरी अशांना खालची ग्रेड चिकटवतात, आणि चिंच लावून लखलखीत केलेल्यांना वरची. तांब्यावरचा तो तपकिरी थर एकदा गेला की गेला.

मामलेदार
सगळंच एरर नसतं, कबूल. पण काहीच नसतं असं कसं? आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं आणि खाली नवी चकती ठोकली, तर एका बाजूची अक्षरं दुसरीकडे खोलगट आणि उलटी येतात. ब्रॉकेज. रोमन नाण्यांतही सापडतं. त्याला मी जास्त पैसे मोजेन. दुहेरी ठोक्याला किंवा ‘शिव’ऐवजी ‘सिव’ कोरलंय म्हणून एररचा भाव मात्र देणार नाही.

टाकसाळकर
ब्रॉकेज मंजूर. फक्त दोन नाणी व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) दाबून केलेलं घेऊ नका. त्यात मूळची उठावाची अक्षरं चेपलेली असतात.

डबीवाला
म्हणजे तपासायला जाणकार लागतोच. मग तो लिलाववाल्याच्या पगारावरचा असण्यापेक्षा तिऱ्हाईत बरा की!

खुर्दा
तिऱ्हाइताची फी भरतो कोण? नाणं विकणाराच. शिवाय ओतीव नाण्याची शिवण, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ, असते कडेला, आणि तुमच्या डबीत नेमकी कडच नीट दिसत नाही.