मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत मध्य व्हिएतनाम जमेल का?

मंडळी, दिवाळीत आई-बाबांना घेऊन व्हिएतनामला जायचा विचार आहे. बाबांना ओढ आहे ती तिथल्या ‘मी सॉन’ या ठिकाणाची. चौथ्या ते तेराव्या शतकात तिथल्या चंपा राज्याच्या चाम राजांनी बांधलेली ही विटांची मंदिरं, बरीचशी शंकराची, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. शिवाय दा नांगचं चाम शिल्पांचं संग्रहालय, आणि मुक्काम होई आनला.

अडचण अशी की तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे ऐन पावसाळा. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं म्हणे. त्या दिवसांत कोणी गेलंय का? की फेब्रुवारी-मार्च धरावा? पण तेव्हा मध्येच तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष आलं, तर दुकानं बंद आणि गाड्यांना गर्दी.

दुसरं म्हणजे आई पक्की शाकाहारी, आणि तिथे भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, तेव्हा सोय होईल. एरवी काय करता? टूरवाल्यांचं रोजचं पनीर नकोय. (माझं काय, कॉफीवर भागेल. ब्राझीलखालोखाल कॉफी पिकवणारा देश आहे!)

आणि ‘मी सॉन’ला होई आनहून स्वतंत्र गाडी करावी का? बाबांचे गुडघे दुखतात, आत चालणं किती पडतं?