मदत हवी आहे: 'पूर्ण रिस्टोअर' केलेली अल्फा रोमिओ मॉन्ट्रियल घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मूळ कोल्हापूर, सध्या मुक्काम श्टुटगार्ट. १५ वर्षं जिचे नुसते फोटो बघत आलो ती गाडी दीड-दोन तासांवर विकायला आलीय आणि मला झोप लागेनाशी झालीय. १९७२ची अल्फा रोमिओ मॉन्ट्रियल, नारिंगी. जाहिरातीत लिहिलंय 'पूर्ण रिस्टोअर, श्रेणी २', म्हणजे चांगल्या स्थितीतली. मागतोय ८४,५०० युरो. (घरी अजून 'एक जुनी इटालियन गाडी बघून येतो' एवढंच सांगितलंय.)

ज्यांना ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६७च्या मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात अल्फाने एक देखणी गाडी ठेवली. आरेखन बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीचं. तिला नावच नव्हतं, लोकच मॉन्ट्रियल म्हणायला लागले. त्या नमुन्यात अल्फाच्याच ज्युलिया गाडीचं साधं १.६ लिटरचं इंजिन होतं. १९७०ला जिनिव्हात विक्रीची गाडी आली तेव्हा बॉनेटखाली टिपो ३३ या रेसच्या गाडीच्या घराण्यातलं २,५९३ सीसीचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसलेलं होतं, २०० अश्वशक्तीचं. खालचा सांगाडा मात्र ज्युलियाचाच. पुढे १९७३चं तेलसंकट आलं, आणि १९७७पर्यंत सगळ्या मिळून चार हजारांच्या आतच बनल्या. हेडलाइटवर अर्ध्या मिटलेल्या पापण्या आहेत. दिवे लावले की त्या खाली सरकतात. मी तिथेच विरघळलो.

परवा जाऊन आलो. रंग असा की दाढी करावी त्यात बघून. विक्रेत्याने कामाची फाइल दिली: १४० फोटो, त्यातले निम्म्याहून जास्त रंगाच्या बूथमधले. इंजिनाबद्दल मात्र एका बिलावर एकच ओळ, 'तपासून समायोजित केले'. मी पोचलो तेव्हा गाडी आधीच सुरू होती, आवाज ऐकून अंगावर काटा आला आणि विचारायचे प्रश्न विसरलो.

तर जाणकारांनो, नक्की काय बघू? कुठे फसू शकतो?

पत्रा_आणि_लांबी:
दादा, आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, गाड्या फियाट-अॅम्बॅसिडरच्या. पण गंज सगळीकडे सारखाच लागतो. रंगाचे फोटो ठेवा बाजूला. रंग खरवडून उघडा केलेल्या पत्र्याचे आणि वेल्डिंगचे फोटो मागा. ते नसतील तर आत लांबी (पुट्टी) भरलीय असं धरूनच चाला. रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने घ्या. दारांखालच्या पट्ट्या, पुढच्या चाकांच्या कमानी, काचेची खालची कड, फरशी, एवढं तरी तपासा. लोहचुंबक खिशात असू द्या, लाजू नका.

ट्यूलिपगावकर:
मी नेदरलँड्समध्ये असतो, माझ्याकडे अल्फाचीच ज्युलिया कूपे आहे. मॉन्ट्रियल परवडली नाही म्हणून ती, हे कबूल.

पत्र्याचं वर आलंच आहे. माझी काळजी इंजिनाची. यात कार्ब्युरेटर नाही, स्पिका नावाचा यांत्रिक इंजेक्शन पंप आहे. डिझेलच्या पंपासारखी जात. आत एक कॅम असतो, तो थ्रॉटल किती उघडलाय आणि इंजिनाचे फेरे किती हे बघून पेट्रोल मोजून देतो. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, ते ठरवणारा एक थर्मोस्टॅटिक भाग पंपाला जोडलेला असतो. तो म्हातारा झाला की इंजिन गरम झालं तरी पंप पेट्रोल ओततच राहतो. प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत हे नवख्याला कळत नाही. म्हणून रात्रभर उभी असलेली गाडी तुमच्यासमोर सुरू झाली पाहिजे. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, मग नमस्कार-चमत्कार.

दुसरी दुखरी नस पाण्याचा पंप. 'बदलला' म्हणाले तर बिल कुठंय? स्पिका कुणी उघडला, कधी, त्याचंही बिल. 'समायोजित' म्हणजे कुणीतरी पेचकस फिरवला, एवढाच अर्थ.

सस्पेन्शनचं फारसं टेन्शन नको, ज्युलियाच्या घरचं आहे. काचा, आतलं ट्रिम, त्या पापण्या मात्र नीट बघा. मोडलं तर शोधत फिराल.

निवांत_नाना:
सगळ्यात आधी वहिनींना आकडा सांगा. स्पिका नंतर बघू.

धागाकर्ता:
नाना, सांगितला. दोन दिवस घरात ड्राय सम्पसारखी (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठू न देणारी रचना) कोरडी शांतता आहे.

ट्यूलिपगावकर, तुमचं वाचून फोटो पुन्हा झूम करून बघितले. दाराच्या रबराखाली एका ठिकाणी चंदेरी रंग डोकावतोय. म्हणजे मूळची चंदेरी? आणि एच नंबरप्लेट (इथली जुन्या, ऐतिहासिक गाड्यांची) आहे, म्हणजे निदान तपासणी तरी झालेली असणार ना?

ट्यूलिपगावकर:
एचसाठी वय ३० वर्षं पूर्ण हवं आणि गाडी मूळ रूपात, बऱ्या स्थितीत हवी. त्यावर वर्षाला १९१ युरो आणि वर काही सेंट एवढाच सरसकट कर. फायद्याचं आहे, पण इंजिन आतून कसं आहे हे ती प्लेट सांगत नाही.

रंगाचं म्हणाल तर इटलीत आरेसेला अल्फाच्या संग्रहालयाचं दस्तऐवज केंद्र आहे. चासी नंबर दिला की मूळ रंग आणि कारखान्यातून निघाल्याची तारीख असलेला दाखला मिळतो. नारिंगीला आज गिऱ्हाईक जास्त, म्हणून चंदेरीची नारिंगी केली असेल. तो गुन्हा नाही, पण किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे. इंजिनाच्या नंबरात ००५६४ आहे का तेही बघा, म्हणजे इंजिन मॉन्ट्रियलचंच आहे हे कळेल.

धागाकर्ता:
विक्रेत्याला फोन केला. वेल्डिंगचे फोटो 'रंगाऱ्याकडे असतील'. गार इंजिनावर सुरू करून दाखवायला मात्र लगेच तयार झाला. शनिवारी सकाळी नऊला बोलावलंय. वर म्हणाला, "तुम्हाला थांबावं लागू नये म्हणून मी आठलाच गाडी बाहेर काढून ठेवतो."

पत्रा_आणि_लांबी:
साडेसातला पोचा.