बिल ग्लास यांची शिल्पे: चेरोकी कुंभकलेचा पुढचा टप्पा की तिच्यापासून फारकत?

भट्टीवाला

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील लोकस्ट ग्रोव्ह येथील चेरोकी (अमेरिकेतील एक मूलनिवासी जमात) सिरॅमिक कलावंत आणि शिल्पकार बिल ग्लास ज्युनियर यांच्या कारकिर्दीवर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच सांगतो: भांड्यापाशी न थांबता त्यांनी मातीला सार्वजनिक शिल्पापर्यंत नेले आणि त्यातच त्यांचे मोठेपण आहे.

त्यांचे शिक्षण सत्तरच्या दशकात सांता फे येथे, १९६२ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इंडियन कला संस्थेत झाले. त्या काळात तेथे शिल्पकला शिकवत असत चिरिकाहुआ अपाची शिल्पकार ॲलन हाउझर, आणि मातीकाम शिकवत असत होपी कलावती ओटेली लोलोमा. एका चेरोकी तरुणाला एका अपाचीकडून आकृतीचे घनत्व आणि एका होपी स्त्रीकडून मातीची जाण मिळावी, हा योग त्या संस्थेबाहेर क्वचितच जुळला असता.

या कारकिर्दीचे शिखर म्हणजे टेनेसीमधील चॅटनूगा शहराच्या नदीकाठी २००५ साली खुले झालेले ‘द पॅसेज’. हे ठिकाण रॉसेस लँडिंग म्हणून ओळखले जाते. चेरोकी प्रमुख जॉन रॉस यांची नदी ओलांडणारी नाव येथे चालत असे आणि १८३८ मध्ये सक्तीने हुसकावलेल्या चेरोकींच्या काही तुकड्या येथूनच पश्चिमेकडे, आजच्या ओक्लाहोमाकडे, रवाना करण्यात आल्या. ‘अश्रूंची वाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या स्थलांतरात सुमारे चार हजार माणसे दगावली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शहराकडून नदीकडे नेणाऱ्या या पादचारी मार्गात पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि भिंतीवर सुमारे सहा फूट व्यासाचे सात वर्तुळाकार सिरॅमिक फलक बसवले आहेत. ज्यांना येथून घालवले त्यांच्याच वंशजांनी ओक्लाहोमातून परत येऊन हे काम उभे केले. यापेक्षा समर्पक सार्वजनिक शिल्प मला तरी दाखवता येणार नाही.

दख्खनी वाचक

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. ग्लास यांचे कसब मी नाकारत नाही. माझी हरकत अशी आहे की, चेरोकी मातीकामाचा विचार करताना मोजमाप स्मारकाच्या आकाराने होऊ नये.

स्थलांतरानंतर ओक्लाहोमाच्या बाजूला कुंभकलेची परंपरा जवळजवळ तुटली होती. ती सांधण्याचे काम व्हिनिटा येथील ॲना मिचेल (१९२६–२०१२) यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. चेरोकी लिपीचे जनक सेक्वोया यांच्या चित्रात दिसते तशी मातीची चिलीम आपल्याला करून द्यावी, अशी त्यांच्या पतीची इच्छा होती आणि तेथून हे वेड लागले, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. शिकवणारे कोणी नव्हते. संग्रहालयांतली जुनी भांडी निरखत, स्थानिक माती खणत, वळ्या एकावर एक चढवून भांडे उभारत, गोट्याने घोटत आणि लाकडाच्या जाळावर भाजत त्या शिकल्या. ओक्लाहोमातील चेरोकींच्या शासनाने, म्हणजे चेरोकी नेशनने, १९८८ मध्ये ‘राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान सुरू केला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्या होत्या. त्यांच्या हाताखाली जेन ऑस्टी यांच्यासारख्या कलावती तयार झाल्या.

एका कारकिर्दीतून कुंभार निर्माण झाले आणि दुसरीतून एका शहराच्या नदीकाठाची शोभा वाढली. ‘द पॅसेज’ हा चॅटनूगाच्या सुमारे १२ कोटी डॉलरच्या नदीकाठ सुशोभीकरणाचा एक भाग होता, याचा उल्लेख आपल्या लेखात आलेला नाही. उन्हाळ्यात मुले त्या पायऱ्यांवरच्या पाण्यात डुंबतात आणि पालक बाजूला सँडविच खात बसतात. ज्या जागेने अश्रूंची आठवण द्यायची तिची सहलीची जागा झाली असेल, तर शिल्प कोठे कमी पडले हे विचारायला नको का?

भट्टीवाला

मिचेल यांच्याबद्दल आपण जे लिहिले ते मला मान्य आहे, परंतु त्यावरून ग्लास यांच्या पदरी केवळ शोभेचे काम पडले असे ठरत नाही. ज्या गटाने हे काम केले त्याने ‘टीम गडुगी’ असे नाव घेतले होते. गडुगी म्हणजे चेरोकी वस्त्यांमध्ये एकमेकांच्या शेतात आणि घरात मिळून श्रम करण्याची पद्धत. ग्लास यांचे पुत्र डेमॉस, जे धातूत काम करतात, त्या गटात होते. म्हणजे येथेही विद्या पुढे गेलीच आहे, फक्त ती घडा घोटण्याच्या रूपात गेली नाही.

शिवाय ज्याने माती हाताळली आहे त्याने सहा फुटांच्या फलकाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. माती वाळताना आकसते, भाजताना पुन्हा आकसते आणि जाडी कमीजास्त असली की तडकते. त्यामुळे एवढ्या मापाचे उठावकाम सहसा तुकड्यांत पाडून, प्रत्येक तुकड्याचे आकसणे हिशेबात धरून, भाजल्यावर जुळवावे लागते. रेषा सांध्यावरून सरळ गेली पाहिजे. हे शोभेचे काम म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. आणि नगरपालिकेने पैसे दिले म्हणून शिल्प खोटे ठरत असेल, तर जगातील निम्मी शिल्पे झाकून ठेवावी लागतील.

संग्रहालयप्रेमी

आपण दोघेही ‘चेरोकी परंपरा’ म्हणून जे गृहीत धरत आहात तेच मुळात डळमळीत आहे, असे मला वाटते. ग्लास आणि मिचेल या दोघांच्याही कामाला आग्नेय अमेरिकेतील मिसिसिपी संस्कृतीच्या (युरोपीय येण्यापूर्वीची, मातीची टेकाडे रचणारी संस्कृती) चिन्हांचा आधार आहे: सुतारपक्षी, कोळी, नाग, सूर्यचक्र. ही चिन्हे प्रामुख्याने शंखावर कोरलेल्या गळ्यातील पदकांवर आणि तांब्याच्या पत्र्यांवर सापडतात. ज्या टेकाडांच्या उत्खननांतून अशा वस्तू मिळाल्या त्यांपैकी जॉर्जियातील एटोवा हे सहसा मस्कोगी लोकांच्या पूर्वजांशी आणि ओक्लाहोमातील स्पायरो हे कॅडो भाषकांशी जोडले जाते. ऐतिहासिक चेरोकी भांडे म्हणून जे खात्रीने ओळखले जाते, ते मात्र कोरीव लाकडी थापीने थापटून ठसे उमटवलेले, दणकट, रोजच्या स्वयंपाकाचे भांडे आहे. त्यावर पक्षी नाही आणि कोळीही नाही.

नॉर्थ कॅरोलायनात मागे राहिलेल्या पूर्वेकडील चेरोकींनी कुंभकला खंड न पडता चालवली खरी, पण त्यांच्यावर शेजारच्या कटॉबा जमातीच्या कुंभारणींचा मोठा प्रभाव पडला. १९३४ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान झाल्यावर पर्यटकांना घोटीव काळी भांडी विकली जाऊ लागली आणि थापीचे जुने ठसे मागे पडले. ते परत आणण्यासाठी तेथील संग्रहालयाने या शतकाच्या आरंभी कार्यशाळा घेतल्या. तेव्हा अस्सलपणाच्या कसोटीवर चॅटनूगाचे फलक उतरत नसतील, तर व्हिनिटाचे सुबक घडेही उतरत नाहीत.

दख्खनी वाचक

मिचेल यांनी चिन्हे दुसरीकडून घेतली असतील; माती, वळ्या आणि जाळ हे तर आग्नेयेकडचेच होते. ग्लास यांच्याबाबतीत भट्टी, झिलई आणि शिल्पाची भाषा हे सगळेच कला विद्यालयातून आलेले आहे. हा फरक संग्रहालयप्रेमी यांनी पुसून टाकला आहे.

पाणवठा

कायदा या वादात काय म्हणतो तेही पाहावे. कोणती कलाकृती ‘इंडियन’ म्हणून विकता येईल हे ठरवणारा १९९० चा ‘इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट’ शैलीबद्दल अवाक्षर काढत नाही. करणारा मान्यताप्राप्त जमातीचा सदस्य आहे की जमातीने प्रमाणित केलेला कारागीर आहे, एवढेच तो विचारतो. त्याचा विचित्र परिणाम ग्लास यांच्याच गावाने पाहिला. लोकस्ट ग्रोव्हचे लाकूडशिल्पकार विलर्ड स्टोन आयुष्यभर चेरोकी म्हणून ओळखले गेले, पण जमातीच्या सदस्यांत त्यांची नोंद नव्हती. त्यामुळे कायदा आल्यावर त्यांच्या कलाकृती बाळगणाऱ्या मस्कोगी शहरातील संग्रहालयाला काही काळ दारे बंद ठेवावी लागली.

भट्टीवाला

पाणवठा यांचा दाखला माझ्या बाजूचा आहे असे मी समजतो. शंखावरचा कोळी मातीच्या फलकावर आणणे हा कलावंताचा निर्णय असतो, आणि चेरोकी कथेत पाणकोळ्यानेच पाठीवरच्या लहानशा वाडग्यातून पहिला अग्नी आणला, तेव्हा कोळ्यावरचा त्यांचा हक्क कोणत्या टेकाडावर कोण राहत होते यावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. राहता राहिली पाण्यात खेळणारी मुले. वाहत्या पायऱ्या आखल्या की उन्हाळ्यात मुले येणारच. त्याचा जाब फलक घडवणाऱ्या हातांना विचारता येत नाही.

दख्खनी वाचक

का विचारता येऊ नये? पाणी आणि फलक मिळूनच ते स्मारक आहे, असे आपणच वर लिहिले होते. श्रेय एकत्र घ्यायचे आणि दोष मात्र पायऱ्यांच्या नावावर टाकायचा, हे मला मान्य नाही.