येलदरीच्या खडकात जिग (शिसं बसवलेले गळ) अडकून तुटायलेत, मरळ कशी धरावी? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. मी जिंतूरकडचा. दोन वर्षं झाली, येलदरी धरणाच्या बॅकवॉटरला रॉड-रील घेऊन जायलोय, मच्छीमार सोसायटीच्या लोकांना विचारूनच बसतो, भिंतीकडं जात नाही. आधी आजोबांसोबत पूर्णेवर तंगूस (नायलॉनचा दोरा) अन् गांडूळ घेऊन बसायचो, तिथं बूड गाळाचं त्यामुळं कधी काही अडकलं नाही. इथं सगळा काळा खडक अन् कपारी.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक खडकाळ तलावात बास नावाचा मासा धरतात ते बघून शिकलो. बास आपल्याकडं नसतो, पण तो पण मरळीसारखाच आडोशाला दबा धरून बसतो म्हणून वाटलं हीच पद्धत चालंल. ते जिग तळाला टेकवून हळूहळू ओढतात, क्रॉफिश (झिंग्यासारखा तळाला राहणारा प्राणी) चालल्यासारखं. मी तसंच केलं अन् रविवारी दोन तासात पाच जिग गेले. लाईन वीस पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा आहे, ताणाला लई मजबूत पण धारदार दगडाला घासली की सुतासारखी तुटते.

पैशाचं जाऊ द्या, पण एक चांगली मोठी मरळ लागली होती, ती कपारीत घुसली, लाईन तुटली अन् तोंडात गळ घेऊनच गेली. तेव्हापासून जीव लागंना. लीडर (लाईनच्या पुढं जोडायचा जाड दोरा) किती जाड अन् किती लांब लावावा? अन् तळ सोडून पाण्याच्या वरूनच फ्रॉग (रबराचा नकली बेडूक) चालवावा का?

उत्तर : भाऊ, तळ सोडाच. मरळ हवा घ्यायला वर येते, सकाळी लवकर जाऊन अर्धा तास नुसतं पाणी बघा, जिथं बुडबुडा फुटंल त्याच्या थोडं पुढं फ्रॉग टाका. ब्रेडला पुढं दोन-तीन फूट चाळीस पौंडाचा साधा जाड तंगूस जोडा, घासणं तो जास्त सोसतो. तळालाच टाकायचं असंल तर गळाचं टोक रबराच्या नकली चाऱ्यात लपवा, शिसं हलकं घ्या, अन् ओढू नका, उचलत उचलत आणा. मे महिन्यात पाणी उतरलं की कपारी उघड्या पडतात, फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात नारिंगी पिल्लांचा घोळका दिसला तर तिथं टाकू नका, आई-बाप राखणीला असतात.

धागाकर्ता : लई आभार दादा. फ्रॉग आहे माझ्याकडं, जाड तंगूस परभणीहून आणतो. मरळ कपारीत घुसलीच तर लाईन ढिली सोडून थांबावं का लगेच ताणावं, तेवढं सांगा.