तिला आधी जेवायला वाढा

वर एका ताईंनी विचारलंय, मुलीने न सांगता गर्भपात केला, आता आई-बापाने वागायचं कसं? त्यावर कुणीतरी लिहिलं, तिला चर्चमध्ये आणू नका. ते वाचून राहवलं नाही.

आम्ही खानापूरकडचे कॅथलिक. चार वर्षांपूर्वी लेक पुण्याहून आली, दवाखान्याची फाईल माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. त्याची खंत अजून जात नाही. ह्यांनी मात्र काहीएक न विचारता रोज तिच्या उशाशी पेजेची वाटी नेऊन ठेवली. चौथ्या दिवशी वाटी रिकामी दिसली.

पोटातला जीव देवाचा, हे मी आजही मानते. पण गोष्टीतला उधळ्या मुलाचा बाप, सगळा पैसा उडवून परत आलेल्या लेकाकडे हिशेब न मागता धावत गेला, हेही येशूनेच सांगितलंय. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना दिला. म्हणजे तिला आपल्या गावच्या फादरांकडेही पापनिवेदन करता येतं. तिच्या मनाने घेतलं की जाईल, ओढून नेऊ नका.

आणि ताई, तुमचंही नातवंड गेलंय. ते दुःख फादरांपाशी रडून मोकळं करा. ती झोपत-जेवत नसेल, तर डॉक्टरांनाही दाखवा.