लेझरनंतर पथ्य जवळपास नसतंच
वर विचारलंय की मोतीबिंदू काढून 2 वर्षं झाली, पुन्हा धूसर दिसतंय, आता लेझर सांगितलाय. तर परत महिनाभर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही का? तसं काही नाही. मोतीबिंदू परत येत नसतो. बसवलेल्या कृत्रिम भिंगामागचा मूळचा पातळ पडदा गढूळ होतो, याग लेझरने त्याला मधोमध छोटीशी खिडकी पाडतात. चिरा नाही, टाका नाही, मग पथ्य कसलं?

आमच्या आईचं गेल्या वर्षी झालं. बाहुली मोठी करणारे थेंब घालून बसण्यातच तास गेला, प्रत्यक्ष लेझर पाचेक मिनिटांत आटोपला. दिवसभर उजेड खुपत होता, वाचता येईना. म्हणून त्या दिवशी गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी न्या, गॉगल विसरू नका. दुसऱ्या दिवशी न्हाणं, ओट्यापाशी फोडणी, वाकून रांगोळी, सगळं सुरू! आठवड्याभरात तांदळातले खडे तिला माझ्याआधी सापडायला लागले (आणि माझी धूळ पुसण्याची पद्धतही दिसायला लागली, असो).

डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, ते हळूहळू कमी होतात. पण एकदम ठिपक्यांचा पाऊस, वीज चमकल्यासारखं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. क्वचित दृष्टिपटल सुटतं. डोळ्यातला दाबही वाढू शकतो, तेव्हा काचबिंदू असेल तर आधीच सांगा.